आधी लगीन पाण्याचं!

मे महिन्याची सुट्टी लागली की घराघरांत एक मागणी हमखास होते. कुत्रा हवा! मग आई म्हणते, ‘फ्लॅटमध्ये कुठे ठेवायचा?’ बाबा म्हणतात, ‘सोसायटीत चालत नाही.’ आजी म्हणते, ‘केस पडतात घरभर.’ तीन-चार दिवस रुसवेफुगवे चालतात आणि शेवटी तडजोड होते ती माशावर. मासा भुंकत नाही, त्याला फिरायला न्यावं लागत नाही, शिवाय सोसायटीच्या सेक्रेटरीला त्याचा पत्ताही लागत नाही. सगळ्यांनाच वाटतं, चला, स्वस्तात सुटलो.

पूर्वी मासा म्हणजे गोल्डफिश, नाही तर गप्पी. आता मुलं मोबाइलवर बघून, नावानिशी ठरवून येतात. आमच्या कन्येने ठरवला तो पफर, म्हणजे फुगणारा मासा. त्यातलाही सगळ्यात छोटा, मटाराएवढा म्हणून ‘पी पफर’ म्हणतात तो. पूर्ण वाढला तरी अडीच-तीन सेंटिमीटर, फार तर साडेतीन. हिरवट-पिवळं अंग, त्यावर काळे ठिपके, पांढरं पोट आणि दोन डोळे दोन वेगळ्या दिशांना फिरणारे. काचेपाशी येऊन तो आपल्याकडे टक लावून बघतो. कोणाचंही मन बसावं असाच आहे तो. मालवणकडच्या मैत्रिणींना पफर म्हणजे केंड हे वेगळं सांगायला नको. जाळी कुरतडतो म्हणून तिथले मच्छीमार ज्या केंडाच्या नावाने बोटं मोडतात, त्याच्याच कुळातला हा गोड्या पाण्यातला धाकटा भाऊ.

सांगायला लाज वाटते, पण सांगते. रविवारी सकाळी आम्ही टँक, फिल्टर, रंगीत खडे, एक प्लॅस्टिकचा पाणबुड्या आणि दोन पफर असं सगळं एकाच रिक्षातून घरी आणलं. साडेबाराला पाणी भरलं, एक वाजता मासे सोडले, दोन वाजता फोटो काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवले. मंगळवारी पाणी दुधाळ दिसायला लागलं. आता घाण दिसली की आपले हात शिवशिवतात, नाही का? मुलगी शाळेच्या शिबिराला गेली होती. मी मासे वाटीत काढले, टँक रिकामा केला, खडे नळाखाली खळखळून धुतले, फिल्टरचा स्पंज पिळपिळून लख्ख केला आणि नळाचं ताजं पाणी भरून मासे परत सोडले. काच अशी चकचकत होती की बघत राहावं. गुरुवारी सकाळी एक मासा पालथा. शुक्रवारी दुसरा. तेही मीच आधी बघितलं, कारण घरात सगळ्यात आधी मीच उठते. ती उठायच्या आत दोघांना जास्वंदीच्या कुंडीत पुरलं. संध्याकाळी मात्र घरातून एक वाक्य आलंच, ‘तू जरा लक्ष द्यायला हवं होतंस.’

हे एकट्या आमच्याकडे झालं असतं तर इथे लिहिलं नसतं. पण त्यानंतर ज्या ज्या मैत्रिणीला विचारलं तिच्याकडे हाच प्रकार. मासे मुलांचे, हौस बाबांची, टँक हॉलमधला आणि त्याचं काम मात्र आईकडे. ते कधी तिच्याकडे आलं हे कोणालाच आठवत नाही. कोणी तिला तसं सांगितलेलं नसतं. पण पाणी गढूळ झाल्याचं आधी तिला दिसतं, म्हणून बादली तिच्या हातात येते. मासा मेला की दोषही त्याच वाटेने येतो.

माझ्या हातून काय चुकलं ते नंतर समजलं. मासा आपल्या कल्ल्यांवाटे सतत अमोनिया सोडत असतो. त्यात उरलेल्या खाण्याचा आणि विष्ठेचा अमोनिया मिसळतो. अमोनिया माशाला जाळतो, अगदी शब्दशः कल्ले भाजतात. नदीत किंवा जुन्या टँकमध्ये एका जातीचे जिवाणू या अमोनियाचं नायट्राइट करतात. नायट्राइटही विषारीच, त्याने रक्त प्राणवायू वाहून नेईनासं होतं. मग दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात. ते पुष्कळच सौम्य असतं. थोडं झाडं घेतात, थोडं आपण पाणी बदलताना निघून जातं. हे जिवाणू पाण्यात फारसे तरंगत नाहीत. ते खड्यांना, काचेला आणि मुख्य म्हणजे फिल्टरच्या स्पंजला चिकटून राहतात. नव्या टँकमध्ये ते नसतातच. जे दोन-चार दिवसांत धरू लागले असतील ते मी नळाखाली धुऊन टाकले, आणि नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने उरलेसुरले मारले. पाणी काचेसारखं स्वच्छ दिसत होतं आणि मासे त्यातच गुदमरत होते.

आपल्या भाषेत सांगायचं तर हे विरजण आहे. दूध तापवून पातेल्यात ओतलं म्हणून लगेच दही होत नाही. त्याला विरजण लागतं, ऊब लागते आणि वेळ लागतो. टँकच्या बाबतीत हा वेळ चार ते सहा आठवडे. कोणाकडे जुना, निरोगी टँक असेल तर त्याच्या फिल्टरचा वापरलेला स्पंज मागून आणावा आणि आपल्या पाण्यात पिळावा. शेजारणीकडे वाटीभर विरजण मागावं तसाच हा प्रकार. त्याने मुदत बरीच कमी होते.

म्हणजे तानाजीने रायबाचं लग्न जसं बाजूला ठेवलं तसं इथे माशाचं बाजूला ठेवायचं. आधी लगीन पाण्याचं. टँक आणायचा, मांडायचा, फिल्टर चालू करायचा, झाडं लावायची आणि मासा न आणता महिनाभर थांबायचं. रोज चिमूटभर माशांचं कोरडं खाणं टाकायचं. ते कुजतं, अमोनिया तयार होतो आणि जिवाणूंना जेवण मिळतं. पाणी तपासायचं किट मिळतं. नळीत पाणी घेऊन थेंब टाकायचे आणि रंग तक्त्याशी ताडून बघायचा. आधी अमोनिया चढतो, मग तो उतरायला लागला की नायट्राइट चढतं, मग तेही उतरतं. खाणं टाकूनही दुसऱ्या दिवशी अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसले की समजावं, विरजण लागलं. दुकानदार हे सांगेलच असं नाही. आम्हाला तरी कोणी सांगितलं नाही. ‘महिनाभराने या’ म्हटलं तर गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जातं हे त्यालाही माहीत.

मला या रिकाम्या महिन्याबद्दलच आज खरं बोलायचंय. कारण मासा नेमका कोणाचा हे त्याच महिन्यात ठरतं. मासा घरात आला की सगळे त्याच्या प्रेमात असतात, तेव्हा वचनांना तोटा नसतो. पण नुसतं पाणी, चार झाडं आणि गुरगुरणारा फिल्टर यांच्यासमोर रोज संध्याकाळी कोण उभं राहतं ते बघा. दुसऱ्या खेपेला आम्ही तसंच केलं. फ्रिजवर एक कागद लावला. पाणी तपासून आकडे लिहायचं काम मुलीचं, बादली उचलायचं तिच्या बाबांचं. माझ्याकडे मुद्दामच काही घेतलं नाही. पहिल्या आठवड्यात सगळे आकडे भरलेले, दुसऱ्यात दोन रकाने रिकामे. मी ते भरले नाहीत. सोपं नव्हतं हो! समोर रिकामा रकाना दिसतोय, किट हाताशी आहे, दोन मिनिटांचं काम, आणि तरी हात मागे घ्यायचा. पण मासा अजून आलेला नसतो, त्यामुळे या महिन्यात चुकलं तरी कोणाचा जीव जात नाही. नंतर ती सोय नसते.

त्याच महिन्यात आणखी एक काम असतं, गोगलगायी पाळायचं. पफरला कोरड्या खाण्याच्या गोळ्या सहसा चालत नाहीत. त्याला हलणारं, जिवंत किंवा निदान गोठवलेलं मांस लागतं. पाण्यातल्या छोट्या गोगलगायी हा त्याचा आवडता घास. त्याच्या कुळाचं शास्त्रीय नावच ‘चार दातांचे’ या अर्थाचं आहे. दोन वर, दोन खाली, मिळून चोचीसारखं तोंड. त्याने शंख फोडतो. पाणवनस्पती विकत आणल्या की त्यांच्यासोबत या गोगलगायी बहुतेक वेळा फुकटच येतात. त्या एका बरणीत वेगळ्या वाढवायच्या, काकडीची किंवा उकडलेल्या पालकाची फोड घालायची, पाणी बदलायचं. ही बरणी मुलाच्या ताब्यात द्या. महिन्याभरात गोगलगायी दुप्पट झाल्या तर मासा आणायला हरकत नाही. बरणीला वास सुटला तर टँकमध्ये झाडंच राहू द्यावीत. तीही छान दिसतात.

गोगलगायींव्यतिरिक्त लागतात ते ब्लडवर्म. नाव भयंकर आहे, पण त्या डासासारख्या दिसणाऱ्या आणि न चावणाऱ्या एका माशीच्या लाल अळ्या. दुकानात त्यांच्या गोठवलेल्या वड्या मिळतात आणि त्या आपल्या फ्रीझरमध्ये ठेवाव्या लागतात. इथे घरातल्या सगळ्यांची सभा भरवावी. आमच्या सासूबाईंनी बर्फाच्या ट्रेशेजारची ती लाल वडी बघून ‘ही कसली गं कोकमाची वडी?’ म्हणून विचारलं आणि उत्तर ऐकून तीन दिवस फ्रिजचं पाणी प्यायल्या नाहीत. घट्ट झाकणाचा वेगळा डबा, त्यावर मोठ्या अक्षरात चिठ्ठी. पक्क्या शाकाहारी घरात हे चालणार नसेल तर पफरचा नाद सोडावा, गप्पी आणावेत. ते कोरडं खाणं आनंदाने खातात. घरात कोणाला दमा किंवा अ‍ॅलर्जी असेल तर ब्लडवर्मची कोरडी पूड तर नकोच, काहींना तिचा त्रास होतो. आणि डासांच्या अळ्याही पफर आवडीने खातो हे कुठेतरी वाचून बाल्कनीत पाण्याची बादली उघडी ठेवू नका. महापालिका डासांच्या अळ्या मारायला गप्पी मासे सोडते आणि आपण त्याच अळ्या वाढवायच्या म्हणजे डेंग्यूला आमंत्रण.

टँक केवढा? एका पफरला दीड फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच हा भरपूर झाला. त्यात सुमारे ४० लिटर पाणी मावतं. काच आणि वाळू धरून भरलेला टँक पन्नास किलोच्या वर जातो, तेव्हा तो टीव्हीच्या तकलादू कप्प्यावर ठेवू नका. गोल बरणी मात्र नको म्हणजे नको. ईशान्य कोपरा, नऊ मासे, आठ सोनेरी, एक काळा या सगळ्यावर माझ्याकडे काही म्हणणं नाही. दिशा कुठलीही असो, थेट ऊन नको, नाही तर शेवाळ माजतं. देवघरापासूनही लांबच बरा. हवेचा पंप खोलीतलीच हवा पाण्यात सोडतो, म्हणजे उदबत्तीचा, धुपाचा धूरही त्यातून आत जातो. झुरळांचा स्प्रे त्याहून वाईट. घरात पेस्ट कंट्रोल असेल तेव्हा पंप बंद करून टँक ओल्या चादरीने झाकावा, आणि जमलं तर टँक असलेल्या खोलीत फवारणीच करू देऊ नये.

फिल्टर साधा स्पंजचा घ्यावा. पफर काही वेगवान पोहणारा नाही, त्याला जोराचा प्रवाह सोसत नाही. तळाला बारीक वाळू, आणि झाडं खूप. जावा मॉस, जावा फर्न, हॉर्नवर्ट ही टिकाऊ आहेत. पाणबुड्याला आम्ही निवृत्त केलं. नळाचं पाणी क्लोरीन घालवणारं औषध टाकूनच वापरायचं. तापमान २५ ते २८ अंशांच्या आसपास राहिलं की झालं. मुंबईत बहुतेक वेळा हीटर लागत नाही, पुण्या-नाशिकच्या थंडीत लागतो.

आता मासा. हा पफर आपल्याच देशातला आहे हे मला दुसऱ्या खेपेला समजलं. केरळ आणि दक्षिण कर्नाटक, सह्याद्रीतून उतरणाऱ्या नद्या आणि त्यांच्या काठची पाणथळ जागा एवढंच त्याचं घर. शबरीमलाला जाणारे भाविक जिच्यात स्नान करतात ती पंपा नदी त्यातलीच एक. १९४१ साली सुंदरलाल होरा आणि के. के. नायर यांनी या माशाचं शास्त्रीय वर्णन केलं आणि तेव्हाच्या त्रावणकोर संस्थानावरून त्याला ट्रॅव्हनकोरिकस हे नाव दिलं. होरा म्हणजे तेच, ज्यांनी पूर्व हिमालयातले आणि सह्याद्रीतले काही मासे एकमेकांसारखे कसे या कोड्याचं उत्तर सातपुड्याच्या रांगेत शोधलं. आज हा पफर आंतरराष्ट्रीय लाल यादीत ‘असुरक्षित’ गटात आहे. नदीकाठची जागा जाते, पाणी बिघडतं, आणि शिवाय आपल्यासारख्यांच्या हॉलसाठी तो पकडला जातो. बाजारातले बरेचसे पी पफर नदीतूनच आलेले असतात. ‘मिस केरळ’ या नावाने परदेशात मिरवणाऱ्या माशाचं असंच झालं होतं. इतका पकडला गेला की २००८ साली केरळ सरकारला त्याच्या पकडीवर निर्बंध घालावे लागले. कुंडीत पुरलेले ते दोन मासे मला त्यानंतर फारच जड वाटायला लागले.

म्हणून पाळूच नये का? मला स्वतःला या प्रश्नाचं एका शब्दात उत्तर देता येत नाही. घरी अंडी देऊन वाढवलेले पफर मिळत असतील तर तेच घ्यावेत. हौशी लोक मॉसमध्ये त्यांची पिल्लं काढतात. दुकानात तसं विचारायला तरी लागू. नदीतून आलेला घ्यायचाच तर एकच घ्यावा, आणि तो मरणार नाही एवढी तयारी करूनच घ्यावा. दोन आणणं सगळ्यात वाईट, एक दुसऱ्याला छळून छळून बेजार करतो. पाच-सहांचा गट नांदतो, पण त्याला मोठा, झाडांनी गच्च भरलेला टँक हवा. गप्पींबरोबर तर ठेवूच नये, त्यांच्या झुलत्या शेपट्या सकाळपर्यंत कुरतडलेल्या दिसतील. घेताना पोट बघावं. खपाटीला गेलेलं असेल तर आत जंत असण्याची शक्यता मोठी. दुकानदाराला समोर खाऊ घालायला सांगावं, खातो तोच घ्यावा. जाळीने पाण्याबाहेर काढू नये, भांड्याने पाण्यासकटच उचलावा, कारण बाहेर घाबरून फुगला तर पोटात हवा भरते. आणि हो, त्याचं ते फुगणं ही गंमत नाही. जीव वाचवायचा तो शेवटचा उपाय आहे. पाहुण्यांना दाखवायला काचेत बोट घालून त्याला फुगवणारे महाभाग मी पाहिलेत. आपल्या मुलांनी ते करू नये एवढं तरी आपण बघू शकतो.

रोज थोडं खाणं, आठवड्यातून एक दिवस उपास, आणि दर रविवारी पाव हिस्सा पाणी बदलायचं. म्हणजे छोटी बादलीभर. स्पंज धुवायचा तो काढलेल्या पाण्यातच, नळाखाली नाही. बादली वेगळी, तिला साबण लागता कामा नये. काढलेलं पाणी झाडांना उत्तम. तुळशीला घालावं का ते ज्याचं त्याने ठरवावं, आमच्या मनी प्लँटला तरी चांगलं मानवलंय. गणपतीला चार दिवस गावी जाताना टँकमध्ये आठ-दहा गोगलगायी सोडून जायचं. शेजाऱ्यांच्या हातात खाण्याचा डबा देऊ नये. ते प्रेमाने इतकं घालतात की आपण परत येईपर्यंत पाण्याची वाट लागते. आणि कंटाळा आला म्हणून मासा तलावात किंवा विहिरीत सोडायचा नाही. कोणी घेणारं शोधायचं, नाही तर सांभाळायचं.

सांभाळायचं म्हणजे किती? नीट ठेवला तर हा मासा चार-पाच वर्षं जगतो. सातवीतल्या मुलीने आणलेला मासा तिच्या दहावीच्या अभ्यासाच्या वेळीही त्याच काचेतून बघत असतो. हा हिशेब दुकानात जायच्या आधी करायला हवा, आणि तो मुलीबरोबर करायला हवा. आम्ही केला. ‘दहावीला रविवारचं पाणी बाबा बदलतील’, असं तिने त्या फ्रिजवरच्या कागदावर खाली लिहिलंय आणि तिच्या बाबांनी त्यावर सही केलीय.

आमचा पफर आला तो सदतिसाव्या दिवशी. एकटाच. पहिले दोन दिवस मॉसमागे लपून होता, तिसऱ्या दिवशी बाहेर येऊन एक गोगलगाय फोडली. ‘कट्’ असा आवाज आला असं मुलगी शपथेवर सांगते. मला तो ऐकू आला नाही. मी तेव्हा आतल्या खोलीत पेपर वाचत होते. मागच्या रविवारी पाणी जरा पिवळसर दिसलं. मी फक्त हाक मारली, ‘अगं, तुझ्या माशाचं पाणी बघ.’ ती उठली, किट घेतलं, थेंब मोजले आणि म्हणाली, ‘शून्य, शून्य. त्या लाकडाचा रंग उतरलाय आई, काही नाही. तू धुऊ नकोस हं!’